बाटलीतला मसाला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला फोन केला तेव्हा मी विचारलं, "अरे, आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक जण तर मंत्रालयातून निवृत्त झालाय. मी आयुष्यभर हॉटेलांच्या स्वयंपाकघरात घाम गाळलेला माणूस. मी काय बोलणार?" तर उत्तर आलं, "तू खाण्यावर बोल. जेवणाच्या आधीचं भाषण आहे, लोक ऐकतील." म्हणून उभा आहे. समोर बाई बसल्या आहेत. दहावीत मी केटरिंगला जाणार म्हणालो, तेव्हा वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या होत्या, "जे करशील ते नीट कर." बाई, मी प्रयत्न केला.

सुरुवात मधल्या सुट्टीपासून करतो. आपल्या वर्गात तळ्यापलीकडे राहणारा एक मित्र होता. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय, त्यामुळे नाव घेत नाही. सोमवारी त्याच्या डब्यात लिंबाएवढे, तपकिरी, फुगलेले गोळे असायचे. ते फुगे. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून आंबवलेलं पीठ. मूठ आवळून अंगठ्याजवळून त्याचा गोळा वर काढायचा आणि गरम तेलात सोडायचा. नीट आंबलेलं असेल तर तो तेलात आपला आपणच उलटतो. रविवारी घरी केलेले उरले की सोमवारी डब्यात यायचे. बरोबर लाल रस्सा.

आम्ही त्याला काय म्हणायचो आठवतंय? "पाव." ए पाव, बॅटिंगला ये. ए पाव, गणिताची वही दे. त्याच्या डब्यातलं मी पाचवीत पहिल्यांदा खाल्लं आणि घरी आनंदाने सांगितलं. आजीने मला दारातच उभं केलं, हातपाय धुवायला लावले आणि म्हणाली, "पुन्हा त्यांच्याकडचं खायचं नाही." ती वाईट बाई नव्हती. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्या होत्या आणि त्या तिच्या पोटात बसल्या होत्या.

आता गंमत बघा. हीच माझी आजी दर चतुर्थीला उपास करायची. उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी. त्यात शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाटा. हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे यातलं काही नव्हतं. मिरची, काजू, पपई, अननस हे सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरलं. नुसते जिन्नस नाही, शब्दही आले. बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी हे शब्द त्यांचे. घरातली चावी, न्हाणीघरातली बादली, गवंड्याचं घमेलं आणि महिनाअखेरचा पगारसुद्धा त्यांचाच! आणि आपल्या ठाण्याची खास बाब म्हणजे 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज, आणि ठाण्याचा तुरुंग ज्या किल्ल्यात आहे तो किल्लाही त्यांनीच बांधायला घेतलेला. शाळेतून घरी जाताना स्टेशनजवळ कुंजविहारसमोर उभं राहून आपण वडापाव खायचो. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, मिरची त्यांची. आणि आम्ही त्या मुलाला "पाव" म्हणून चिडवायचो!

थोडा इतिहास सांगतो. इतिहासाचे सर समोर आहेत, चुकलो तर थांबवतील. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आणि आपलं ठाणं त्यांच्याकडे राहिलं. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे साधारण दोनशे वर्षं. राज्य गेलं, पण इथले लोक इथेच राहिले. ते पोर्तुगालहून आलेले नव्हते. ते इथलेच कोळी, शेतकरी, भंडारी, कारागीर होते. धर्म बदलला होता, पण भाषा मराठीच राहिली. लग्नात उंबराचं पाणी आणण्याचा विधी राहिला, तांदळाची भाकरी राहिली. पुढे इंग्रजांच्या काळात, 1887 साली, या समाजाने स्वतःला 'ईस्ट इंडियन' असं नाव घेतलं. नाव इंग्रजी, आडनाव पोर्तुगीज आणि घरात बोलणं आपलंच. आपण शाळेत होतो तेव्हा वसई, उत्तन, आपलं ठाणं, कल्याण, डोंबिवली सगळं एकाच जिल्ह्यात होतं. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा वसई तिकडे गेली. पण चवीला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

आजीने बंदी घातली, तरी मी सातवीपासून मित्राच्या घरी जातच राहिलो. त्याच्या आईला आम्ही आंटी म्हणायचो. मे महिन्यात त्यांच्या घरासमोरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. चटयांवर मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या. काश्मिरी रंगासाठी, रेशमपट्टी तिखटासाठी, बेडगी दोन्हींसाठी. आम्ही पोरं देठं खुडायला बसायचो आणि रात्रभर डोळे चोळायचो. मग धणे, जिरे, तीळ, खसखस, मोहरी, हळद, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू आणि हरभऱ्याची डाळ. पंचवीस-तीस जिन्नस सहज. मातीच्या परळात, चुलीवर, मंद आचेवर भाजायचे. मग लाकडी उखळ आणि तीन-चार बायका. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली, ठेका एकदाही चुकायचा नाही. कुटलेलं चाळून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत भरायचं, काठीने ठासून ठासून, आत हवा राहू नये म्हणून. काचेचा रंग गडद, त्यामुळे उजेड लागत नाही. वर्षभर ना वास जातो ना रंग. म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. घराघराचा वेगळा आणि घराघरात गुपित. माझ्या आजीच्या गोडा मसाल्यासारखंच, नाही का?

नाताळात आंटी इंदयाल करायच्या, सार्पातेल करायच्या. सार्पातेल आज केलं की आज वाढायच्या नाहीत. दोन दिवस रोज उकळी काढून मुरवायच्या. मी विचारलं, "आंटी, आजच का नाही?" त्या म्हणायच्या, "घाई असेल तर ऑम्लेट खा."

पुढे मी दादरच्या केटरिंग कॉलेजात गेलो आणि नोकरी लागली गोव्यात. पहिल्याच आठवड्यात विंदालू करायला सांगितलं. मी पुस्तकी हुशारीने त्यात बटाटे टाकले. विंद-आलू, आलू म्हणजे बटाटा! आमच्या स्वयंपाकघरात साठीचे एक गोंयकार आचारी होते. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "हातूंत बटाट कित्याक रे?" यात बटाटा कशाला? मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. मूळ शब्द 'विन्या द आल्यूश'. विन्यू म्हणजे वाइन, आल्यू म्हणजे लसूण. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आजही नाताळाला हा पदार्थ करतात. वाइन आणि लसणात मांस मुरवायचं. लांबच्या समुद्रप्रवासात मांस टिकवायची ती युक्ती होती. इथे आल्यावर वाइन मिळेना. मग नारळाच्या माडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली, मिरी-दालचिनी आली. विन्या द आल्यूशचं विंदाल्यू झालं आणि आपल्या ईस्ट इंडियन घरांत इंदयाल झालं. बटाटा त्यात कधीच नव्हता. तो आपल्या कानांनी घातला!

त्या दिवशी मला कळलं की आंटींच्या नाताळच्या पातेल्यात काय होतं. दहा वर्षं जे खाल्लं, त्याचा पत्ता मला तेव्हा लागला.

मग मी शोधतच गेलो. रेशाद म्हणजे मूळ शब्दात 'भरलेलं'. बांगड्याचं पोट चिरून त्यात भरायचा तो लाल, आंबट मसाला. काल्दीन म्हणजे त्यांचा 'काल्दू', पातळ सूप. आपल्या हातात आल्यावर त्यात हळद आणि नारळाचं दूध पडलं. काफ्रियाल आफ्रिकेतून, त्यांच्याच वसाहतींमधून आलं. बेबिंका थरावर थर लावून करायची, वरून निखाऱ्याची आच द्यायची, एक थर भाजल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. गोव्याचा पाव तर माडीनेच फुगवायचे. यीस्टची पुडी नंतर आली. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर जूनमध्ये सांजांवच्या सणाला कोळशावर सार्डिन भाजतात. त्याच सांजांवला, 24 जूनला, गोव्यात पोरं विहिरीत उड्या मारतात. आणि सांजांव म्हणजे तोच बाप्तिस्मा करणारा संत जॉन, ज्याच्या नावाचं चर्च आपल्या मासुंदा तळ्याजवळ आहे. इकडे जूनमध्ये पाऊस लागतो, बोटी किनाऱ्याला लागतात. मासे कुठून भाजणार? म्हणून आपल्याकडे सुके बोंबील आणि सुकट. सण तोच, पण ताट मात्र आपल्या हवामानाचं.

हे जतन कोणी केलं? काही नावं मोठी आहेत, ती घ्यायलाच हवीत. मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस, ज्यांना सगळे मास्की म्हणायचे, हे गोव्याचे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मुख्य शेफ झालेले ते पहिले भारतीय. ज्या काळात मोठ्या हॉटेलात साहेबांचं खाणं म्हणजेच खाणं होतं, त्या काळातली ही गोष्ट. उर्बानो रेगो यांनी गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलात गोव्याचं घरचं जेवण मानाने वाढलं. राया गावात फर्नांडो द कॉश्ता यांनी 'नॉस्टाल्जिया' नावाचं रेस्तराँ काढून विसरत चाललेले जुने पदार्थ पुन्हा पानात आणले आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी मार्गारिडा तावोरा यांनी ते चालवलं. मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोझ यांनी 1998 मध्ये न्यूयॉर्कला 'टॅब्ला' उभं केलं आणि 2017 मध्ये आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'ओ पेद्रो' सुरू करण्यात त्यांचा हात होता. मार्च 2020 मध्ये कोरोनाने ते गेले. तेव्हा या धंद्यातल्या आमच्यासारख्यांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. ईस्ट इंडियन जेवणावर शेफ मायकल स्वामी यांनी पुस्तक लिहिलं. ही सगळी मोठी माणसं. पण यांच्यापैकी कोणालाही विचारा, शिकलात कुठे? उत्तर एकच येतं, आईकडे, आजीकडे. शेफ पदार्थाला टेबल देतो, टिकवून ठेवते ती घरातली बाई.

आणि इथेच मला माझी चूक सांगायची आहे.

मी गोव्याहून परत आलो, डोंबिवलीत घर घेतलं. आंटी सत्तरी ओलांडलेल्या. पहिल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन आला, "ये रे, मसाला करतेय. तू शेफ ना? लिहून घे. माझी पोरं नोकरीवाली, त्यांना वेळ नाय." मी म्हटलं, येतो. आलो नाही. लग्नसराई होती, कामाचा सीझन. दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन. मी म्हटलं, "आंटी, मापं वहीत लिहून ठेवा, मी नेईन." त्या हसल्या. म्हणाल्या, "मापं वहीत नाय, हातात हाय." तिसऱ्या वर्षी फोन आला नाही. त्या वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या.

मातीला गेलो. परत निघताना मित्राच्या बहिणीने माझ्या हातात दोन गोष्टी ठेवल्या. एक अर्धी भरलेली तपकिरी बाटली आणि एक वही. म्हणजे आंटींनी माझं ऐकलं होतं. वही लिहिली होती, माझ्यासाठी.

डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसून मी ती उघडली. लिहिलं होतं, "मिरची दोन शेर. हळद चार आण्यांची. दालचिनी आठ आण्यांची. नागकेशर दोन रुपयांचं. खसखस मूठभर." मित्रांनो, आठ आण्यांची दालचिनी म्हणजे किती? कोणत्या सालचे आठ आणे? सोन्याची खाण हातात होती आणि किल्ली तिच्याबरोबर गेली होती. तीन मे महिन्यांतली एक दुपार मी दिली असती तर हा प्रश्न पडला नसता.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि मित्राची बहीण बसलो. अंदाजाने वजनं ठरवली, सगळं एका कढईत भाजलं. तीळ आणि खसखस करपली, डाळ आतून कच्ची राहिली. मसाला कडू झाला. चार किलो मिरची वाया गेली. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हे आंटींनी वहीत लिहिलंच नव्हतं. का लिहितील? श्वास घ्यायचा असतो हे कोणी लिहून ठेवतं का?

मग बहिणीने उत्तनहून त्यांच्या एका मावशीला आणलं. वय ऐंशीच्या पुढे. डोंबिवलीत आमच्या गच्चीवर चटया पडल्या. सोसायटीतल्या लोकांनी आधी ठसक्याची तक्रार केली, मग खुर्च्या टाकून बघायला बसले. मावशींना मापं विचारली तर त्या म्हणायच्या, "इतकं." आणि मूठ उघडायच्या. शेवटी आम्ही एक युक्ती केली. त्यांच्या मुठीखाली डिजिटल वजनकाटा ठेवला. त्यांनी मूठ टाकली की आकडा लिहायचा. असे एकोणतीस जिन्नस, एकोणतीस आकडे. कधी आच कमी करायची, कधी रंग बघायचा, कधी वास, तेही लिहिलं. उखळ मिळालं नाही, म्हणून कल्याणच्या डंखावर कुटून आणला. डंखवाला म्हणाला, "हा कोणाकडचा मसाला? असा वास पूर्वी यायचा."

आंटींच्या उरलेल्या अर्ध्या बाटलीशी ताडून पाहिला. अगदी तसाच झाला का? नाही. पण मित्राने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थोडं मीठ कमी आहे." तेवढ्याने मला माझी दहावीची मार्कलिस्ट मिळाल्यासारखं वाटलं.

चीनच्या किनाऱ्यावर मकाव आहे. तेही शेकडो वर्षं पोर्तुगीजांकडे होतं, 1999 मध्ये चीनकडे गेलं. तिथेही असंच मिश्र जेवण आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गौरवलं. तिथल्या आइदा द जेझूश नावाच्या आजी शंभरी ओलांडली तरी आपल्या छोट्या रेस्तराँमध्ये येऊन बसायच्या. 2021 मध्ये 105 व्या वर्षी गेल्या. तिथल्या लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांच्याकडून लिहून घेतलं, शिकून घेतलं, त्यांचा मान केला. उत्तनच्या मावशी मकावच्या आजींपेक्षा कमी नाहीत. फक्त त्यांच्यासमोर वही घेऊन बसणारं कोणी नाही.

आणि हे फक्त ईस्ट इंडियन घरांचं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एक बाटली मसाला आहे. कोणाचा आगरी मसाला, कोणाचा सीकेपी सांबारमसाला, कोणाच्या आईचं लोणचं, कोणाच्या सासूबाईंची पुरणपोळी. आपण सगळे साठीच्या आसपास. ज्यांच्या हातात मापं आहेत, ते ऐंशीच्या पुढे. हिशोब करा. या दिवाळीला फडके रोडवर फोटो काढून झाले की एक दुपार काढा. वजनकाटा न्या. त्यांच्या मुठीखाली ठेवा. "वहीत लिहून ठेवा" असं सांगू नका. मी सांगितलं होतं.

शेवटी एक राहिलंय. आज जेवणात वरण-भात, भाजी, जिलबी आहेच. पण कोपऱ्यात एक वेगळं टेबल आहे. मित्राच्या बहिणीने पहाटे उठून फुगे केलेत. बरोबर कोंबडीची खुडी आहे, त्या एकोणतीस आकड्यांच्या मसाल्यातली. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी त्याच मसाल्यातली दुधीची भाजी आहे.

तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, चाळीस वर्षं मी तुला "पाव" म्हणालो. आज सगळ्यांसमोर माफी मागतो. आणि पहिला फुगा तू नको, मला घेऊ दे. पाचवीतला उरलाय.